बोडकी टेकडी आणि एक चौरस मीटर

मराठी वृत्तपत्रांत टेकडीच्या वाट्याला साधारण दोनच वर्णने येतात. एक तर ती 'उघडीबोडकी' असते, नाहीतर तिने 'हिरवा शालू' नेसलेला असतो. दुसरे वर्णन पावसाळी पुरवण्यांपुरते आहे आणि त्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. पहिल्याची गोष्ट वेगळी. 'बोडकी' म्हणजे केशवपन केलेली विधवा. ती चाल गेली, पण शब्दातली नजर मागे उरली. जिच्यावर झाड नाही ती टेकडी अभद्र, दरिद्री, डोळ्यांना नकोशी. तिला झाकले पाहिजे, नेसवले पाहिजे. महसुली भाषेने या नजरेला सरकारी आधार दिला. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती इंग्रजी दप्तरात 'वेस्ट लँड' झाली आणि मराठीत 'पडीक'. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या टेकड्यांवर जे वृक्षारोपण झाले, त्यामागे धूप थांबवण्याचे आणि जळणफाट्याचे व्यावहारिक हेतू होतेच. पण टेकडीवर काही 'नाही' हे आधी विशेषणांनी ठरवून टाकले होते, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

वस्तुतः ते 'काही नाही' म्हणजे गवत होते. कुसळी, पवन्या, मारवेल. त्यांच्या अधेमधे पावसाळ्यात चार-सहा आठवडे वर येऊन पुन्हा कंदात जाणारी दीपकाडी, आमरी, कंदीलपुष्प. आणि उतारांवर अंतराअंतराने उभे असलेले मोई, सालई, मेडशिंगी, गणेर. पाऊस कमी, मातीचा थर वीतभर, खाली मुरूम आणि बसाल्ट. अशा ठिकाणी झाडे विरळच असतात, आणि त्या विरळपणावरच गवत आणि कंद जगतात. हा वर्षाचे आठ महिने पिवळा दिसणारा संसार आहे. पिवळ्या रंगाला आपल्या सौंदर्यकल्पनेत प्रतिष्ठा नाही, त्याला कोण काय करणार?

त्या जागी जी झाडे आली त्यांत गिरिपुष्प प्रमुख. या झाडाच्या नावांचा इतिहास मराठीच्या अभ्यासकाने मुळातून पाहण्यासारखा आहे. ते मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. तिथे त्याच्या बिया आणि साल मक्यात मिसळून उंदरांना घालीत, म्हणून स्पॅनिशमध्ये ते 'माता रातोन', म्हणजे उंदीरमार. लॅटिन नाव ग्लिरिसिडिया. त्याचाही अर्थ तोच. कोकोच्या बागांत सावलीसाठी लावीत, म्हणून दुसरे स्पॅनिश नाव 'कोकोची आई'. मराठीत आल्यावर काही ठिकाणी त्याचे 'उंदीरमारी' असे सरळ भाषांतर झाले. पण रूढ झाले ते 'गिरिपुष्प'. ग्लिरिसिडियाच्या ध्वनीला संस्कृत सोवळे नेसवले आणि क्षणात त्याला कुलगोत्र मिळाले. माघ-फाल्गुनात पाने गळून गुलाबी फुलांनी लगडलेली ही झाडे पाहताना 'गिरिपुष्प' म्हणणाऱ्याच्या मनात ते कालिदासाच्याही आधीपासून इथेच असल्याचा भास निर्माण होतो. 'जलपर्णी'चेही तसेच. दक्षिण अमेरिकेतून आलेली आणि आपल्या नद्या-तलावांचा श्वास कोंडणारी ही वनस्पती नावाने मात्र ऋषिकन्या वाटते.

उलट बाजूची नावेही आहेत, आणि ती सहसा विद्वानांनी दिलेली नाहीत. 'रानमोडी' हे नाव ज्याने प्रथम उच्चारले त्याने एका शब्दात परिसर-अहवाल लिहिला. 'घाणेरी'त वासाची तक्रार आहे. 'काँग्रेस गवत' या नावात तर राजकीय इतिहास आहे. १९५०च्या दशकात पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ही वनस्पती आढळल्याची शास्त्रीय नोंद झाली; अमेरिकेहून आलेल्या गव्हातून तिचे बी आले, ही कथा लोकांनी पुढे घरोघर पोचवली. आणि सर्वांत बोलकी जोडी 'सुबाभूळ' व 'वेडी बाभूळ' यांची. दोन्ही अमेरिकेतल्या, दोन्ही आपल्या बाभळीच्या लांबच्या नातलग. १९७०च्या दशकात चाऱ्यासाठी जिचा हिरिरीने प्रसार झाला तिला 'सु' हा उपसर्ग मिळाला. जी कोणाला विचारल्यावाचून माळावर पसरली ती 'वेडी' ठरली. पुढे सुबाभूळही पुष्कळ ठिकाणी न विचारता पसरली. उपसर्ग मात्र काढून घ्यायचा राहिला.

या नावांपायीच मी मोजणीच्या कामात ओढला गेलो. आमच्या भागातील टेकडीवर कोणत्या वनस्पती किती आहेत याची पद्धतशीर नोंद करावी, म्हणजे काय काढायचे आणि काय राखायचे हे ठरवता येईल, असे काही मंडळींनी ठरवले. वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना लहानथोर सगळे नुसते 'बाई' म्हणतात, त्या या कामाच्या सूत्रधार. नोंदींचा तक्ता मराठीत हवा होता आणि स्थानिक नावे गोळा करायची होती, तेवढ्यासाठी मराठीचा मास्तर उपयोगी पडला. नावांसाठी मी टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीतील एका आजींकडे जात असे. तरुणपणी त्या टेकडीवर गवत कापायला जात. सुरुवातीला त्यांनी नावे सांगितली, मग कंटाळून म्हणाल्या, "नावाचं काय घेऊन बसलास बाबा? गुरं ह्याला तोंड लावत न्हाईत, एवढं लिवून घे." त्यांच्या तक्त्यात एकच रकाना होता: गुरे खातात की नाही. आमचा सोळा रकान्यांचा होता.

तक्त्याच्या मथळ्यांवरूनच पहिला वाद झाला. दुसऱ्या रकान्यावर मी सहजपणे 'जात' लिहिले होते. गवताची जात, आंब्याची जात, आपण म्हणतोच. बाईंनी ते खोडून 'प्रजाती' केले. "टेकडीवर तरी नको," एवढेच म्हणाल्या. त्यापुढच्या रकान्याचे नाव 'मूळ', आणि त्याखाली दोन पर्याय: देशी, परकी. मराठीच्या विद्यार्थ्याला 'देशी' हा शब्द लिहिताना नेमाडे आठवल्यावाचून राहत नाहीत. आणि 'परकी' लिहिताना भाषाशुद्धीच्या चळवळीतील सारे बहिष्कृत शब्द रांगेने समोर उभे राहतात. वनस्पतिशास्त्रात ही विभागणी आली कुठून, हे शोधताना जे सापडले ते आपल्या विषयाच्या लोकांना रोचक वाटेल. जॉन हेन्स्लो यांनी १८३५ मध्ये वनस्पतींच्या संदर्भात 'नेटिव्ह' असण्याचा विचार मांडला, आणि ह्यूइट वॉटसन यांनी १८४७ पासून ब्रिटनच्या वनस्पतींची नेटिव्ह, डेनिझन, कॉलनिस्ट, एलियन अशी वर्गवारी रूढ केली. यांतले नेटिव्ह, डेनिझन आणि एलियन हे इंग्लंडच्या कायद्यात राजाचा प्रजाजन कोण आणि परका कोण हे ठरवणारे शब्द होते. म्हणजे वनस्पतीला प्रथम नागरिकत्व विचारले गेले. पुढे १९५८ मध्ये चार्ल्स एल्टन यांनी आक्रमणांवरचे प्रसिद्ध पुस्तक लिहिले तेव्हा महायुद्ध संपून जेमतेम तेरा वर्षे झाली होती. आपल्या 'आक्रमक प्रजाती' या शब्दातील 'आक्रमण' त्या परंपरेतले आहे.

साहित्याचा माणूस इथवर आला की त्याला आनंदाच्या उकळ्या फुटतात. रूपक सापडले, आता ते उलगडून दाखवले की झाले. परकेपणाचा द्वेष, शुद्धतेचे वेड, राष्ट्रवाद. अशी टीका शास्त्रज्ञांनी स्वतःही केली आहे. प्रजातींना त्यांच्या मूळस्थानावरून जोखू नका, असे निवेदन मार्क डेव्हिस आणि अठरा सहलेखकांनी २०११ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि लगोलग १४१ शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप नोंदवला. निवेदन वाचताना मला ते सर्वस्वी पटले होते. झेंडू मेक्सिकोचा, मिरची अमेरिकेची, सीताफळ तर नावाने रामायणातले आणि जन्माने अमेरिकेतले. यांना घालवून दसरा आणि जेवण कसे साजरे करणार? २०२३ च्या आंतरसरकारी जैवविविधता मंचाच्या अहवालात माणसामुळे नव्या प्रदेशात रुजलेल्या प्रजातींची संख्या ३७,००० हून अधिक दिली आहे, आणि त्यांतल्या घातक ठरलेल्या ३,५०० हून अधिक. वनस्पतींपुरते पाहिले तर रुजलेल्यांपैकी घातक सुमारे ६ टक्के. तेव्हा परके म्हणजे वाईट नव्हे, हे आकडेच सांगतात.

पण रूपकाची चिकित्सा करून टेकडीवरचा प्रश्न सुटत नाही. 'टेबल' हा शब्द मराठीत आला म्हणून दुसऱ्या कुठल्या शब्दावरचे ऊन अडले नाही. गिरिपुष्पाच्या खाली ऊन अडते, हे मोजता येते. शुद्धतावादी जे रूपक वापरतो तेच त्याचा टीकाकारही वापरतो, फक्त चिन्ह उलटे करून. आणि दोघांच्याही बोलण्यात दीपकाडीला जागा नसते. म्हणून चौकट.

ही चौकट म्हणजे पीव्हीसीच्या नळ्यांचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौरस. गवतासाठी आणि छोट्या वनस्पतींसाठी एक मीटरची, झुडपांसाठी सुतळी आणि खुंट्यांनी आखलेली पाच मीटरची, झाडांसाठी दहा मीटरची. आत जे आहे ते सारे नोंदवायचे: प्रजाती कोणती, रोपे किती, जमिनीचा किती भाग झाकला; झाड असेल तर छातीच्या उंचीवर घेर. १८९८ मध्ये रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी अमेरिकेतील नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात ही पद्धत वापरली, ती नजरेच्या अंदाजाने आपण फसतो हे ध्यानात आल्यामुळे. (यांतले पाउंड पुढे हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. वनस्पतींना कायद्याने सोडले नाही ते असे.)

मला या पद्धतीत सर्वांत जड गेली ती एक अट: चौकट कुठे टाकायची हे आपण ठरवायचे नाही. नकाशावर जाळी आखायची, यादृच्छिक आकड्यांच्या कोष्टकातून दोन संख्या घ्यायच्या आणि त्या सांगतील तिथे जाऊन उभे राहायचे. मग तिथे काटेरी हेंकळ असो वा कोणी टाकलेल्या बाटल्यांचा ढीग. आपण समीक्षक आयुष्यभर याच्या नेमके उलट करतो. सिद्धान्त आधी, मग त्याला शोभणारा उतारा. कादंबरीच्या पाचशे पानांतून आपल्याला हवी तीन. यादृच्छिक पाने उघडून, जे समोर येईल त्याच्या बळावर मत मांडायचे ठरवले तर आपल्यापैकी कितीजणांचे प्रबंध उभे राहतील? टेकडीवर मी कित्येक चौकटींत केवळ मुरूम आणि सुकलेली दोन पाती पाहिली. बाई तीही पूर्ण गांभीर्याने लिहायला लावीत. रिकामी चौकट गाळली की सरासरी खोटी होते.

आकडे बोलतात ते कसे, हे एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. समजा वीस चौकटी टाकल्या. कुसळी अठरा चौकटींत सापडली, पण प्रत्येकीत विरळ. घाणेरी तीनच चौकटींत, पण तिथे जमीन दिसेनाशी. पहिलीची वारंवारिता ९० टक्के, दुसरीची १५. चालायला येणारा माणूस म्हणेल, टेकडी घाणेरीने भरली, कारण ती तीन ठिकाणे वाटेवर आहेत आणि तिला फुले आहेत. तक्ता म्हणेल, घाणेरी अजून बेटांपुरती आहे, आणि बेटे आहेत तोवरच हात घालण्यात शहाणपण आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, वाघांच्या गणनेबरोबर देशभर घेतलेल्या नमुना-चौकटींच्या आधारे, भारतातील सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर वनक्षेत्रात घाणेरी पसरल्याचा अंदाज दिला आहे. तेवढ्यावर विळा-कोयता चालवणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. एका टेकडीवरची तीन बेटे चार माणसांच्या आवाक्यात असतात.

आकड्यांचीही लबाडी असते, तीही सांगितली पाहिजे. विविधतेचा एक प्रसिद्ध निर्देशांक क्लॉड शॅनन यांच्या नावाने आहे. १९४८ मध्ये त्यांनी तो मांडला तो संदेशवहनासाठी: मजकुरातले पुढचे अक्षर कोणते असेल याची अनिश्चितता किती? वनस्पतिशास्त्रात 'अक्षरा'च्या जागी 'रोप' आले. म्हणजे टेकडीला मजकूर मानून वाचण्याचे हे गणित मुळात भाषेचेच. पण आक्रमक प्रजाती जेव्हा नुकत्याच येऊ लागतात तेव्हा प्रजातींची संख्या वाढते आणि निर्देशांकही वर जातो; केवळ तो पाहणारा टेकडीचे अभिनंदन करील. उलट सह्याद्रीत कारवीचे उतार पाहा. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी ही इथलीच वनस्पती उतारच्या उतार एकटी व्यापते. तिथे निर्देशांक पडलेला दिसेल आणि तरी तिथून काहीही काढायचे नसते. म्हणून बाई देशी आणि बाहेरच्या प्रजातींची गणना वेगवेगळी ठेवतात, आणि मोठ्या झाडांपेक्षा रोपांच्या रकान्याकडे अधिक पाहतात. मोठे झाड गेल्या तीस वर्षांविषयी सांगते, रोप पुढच्या तीस वर्षांविषयी.

आमच्या टेकडीवर याच रकान्यामुळे पेच उभा राहिला. गिरिपुष्पाच्या दाट पट्ट्यात खाली मुख्यतः गिरिपुष्पाचीच रोपे, रानमोडी आणि मधूनच घाणेरी. कुसळी जवळजवळ नाही. गिरिपुष्पाच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात. शेताच्या बांधावर हा गुण, पण निकस मातीवर जगायला शिकलेल्या गवतांच्या राज्यात नत्राची भर पडली की तिचा लाभ तणांना आधी होतो. तेव्हा या पट्ट्यातले गिरिपुष्प टप्प्याटप्प्याने काढावे, असा प्रस्ताव आला.

त्या बैठकीला एक काका होते. गेली वीसहून अधिक वर्षे ते रोज सकाळी दोन बाटल्या पाणी घेऊन टेकडी चढतात. उन्हाळ्यात चार. या पट्ट्याच्या कडेची कित्येक झाडे त्यांनी जगवलेली. त्यांनी प्रस्ताव शांतपणे ऐकला आणि विचारले, "म्हणजे बाई, मी इतकी वर्षं इथं काय केलं?" तिथे बसलेल्या प्रत्येकाला काहीतरी मऊ बोलावेसे वाटत होते, मलाही. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही पाणी घातलं नसतं तर इथे काही उरलं नसतं असं मी म्हणाले तर ते खोटं होईल. गवत उरलं असतं."

हे वाक्य मला कठोर वाटले, आणि अजूनही वाटते. परंतु त्याला पर्यायी वाक्य मला अद्याप सुचलेले नाही. सांत्वनाची भाषा इथे पुन्हा त्याच 'बोडक्या' टेकडीकडे नेते: तुम्ही उजाड जागी जीव फुलवलात वगैरे. काकांनी केलेले काम प्रेमाचे होते यात शंका नाही. ज्या वर्णनावर विसंबून त्यांनी ते केले ते वर्णन चुकीचे होते, आणि ते त्यांचे नव्हते. आपण सगळ्यांनी मिळून ते रूढ केले होते. शालेय निबंधांतून, वृक्षदिंड्यांच्या घोषणांतून, पुरवण्यांतून. दरसाल मुलांच्या वह्यांत ते वर्णन तपासून आम्हीच त्याला गुण देतो.

पुढचे दोन रविवार काका आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले, टेपचे दुसरे टोक धरले, आणि म्हणाले की स्वतःच्या झाडांखालच्या चौकटी ते मोजणार नाहीत. त्या आम्ही मोजल्या.

अखेर ठरले ते असे. सगळा पट्टा एकदम काढायचा नाही. एकदम काढला तर उघड्या पडलेल्या, ढवळलेल्या मातीत पहिल्या पावसात काँग्रेस गवत येते, आणि एक जाऊन दुसरे, अशी स्थिती होते. तीन सारखे तुकडे आखले आहेत: एकात मोठी झाडे काढायची, एकात विरळ करायची, आणि एकाला हात लावायचा नाही. तिन्हींत दरवर्षी त्याच जागी चौकटी टाकायच्या. नुसते छाटून उपयोग नाही, गिरिपुष्प खुंटातून फुटते. घाणेरीचेही तेच, तिच्यासाठी मुळाचा मातीखालचा भाग, जिथून फुटवे येतात त्याच्या खाली, कापून झुडूप उलटे करून ठेवण्याची रीत आहे. शिवाय बुलबुल तिची फळे खाऊन ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खाली पुन्हापुन्हा जाऊन रोपे उपटावी लागतात. काकांच्या कडेच्या झाडांचे काय, हा प्रश्न तीन वर्षांच्या आकड्यांवर सोडला आहे. ती तिसऱ्या, हात न लावायच्या तुकड्यात येतात. कोष्टकातल्या संख्यांनी तुकडे तसे पडले. काकांचा यावर विश्वास नाही, आणि तो बसवण्याचा प्रयत्न कोणी केलेला नाही.

'मूळ' हा रकाना मात्र तक्त्यात राहिला. मी तो काढून टाकावा असे सुचवले होते. बाईंनी त्याच्या शेजारी आणखी एक घातला, 'वर्तन' नावाचा. पसरते, पसरत नाही, माहीत नाही. तिसरा पर्याय सर्वांत जास्त वेळा भरला जातो.

यंदाची गवताची मोजणी अजून व्हायची आहे. श्रावणात सारे गवत सारखेच दिसते. पवन्या की मारवेल, हे तुरा आल्याशिवाय बाईही खात्रीने सांगत नाहीत. तुरे भाद्रपदाच्या अखेरीपासून आश्विनापर्यंत येतात आणि कुसळी त्यानंतर कपड्यांना चिकटू लागते. तोवर पहिल्या तुकड्याच्या तक्त्यात अकरा ओळींपुढे 'गवत, अनोळखी' एवढेच लिहिलेले आहे.